टोपीवाल्या सहाजणांचं घर: प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

खुराड्याचा सांगाडा आज एकदाचा उभा राहिला. आतून दीड मीटर बाय दोन मीटर, जमिनीपासून गुडघाभर उंच, आणि कोल्ह्याने खालून उकरू नये म्हणून भोवतीची जाळी हातभर खोल पुरलीय, त्या खणण्यातच दोन शनिवार गेले कारण इथे वीतभर मातीखाली नुसते दगड. बसायच्या दांडीचं माप इथल्या प्राणीसंरक्षणाच्या नियमात दिलेलंय, दर कोंबडीमागे १४ सेंटिमीटर, म्हणजे सहाजणांना ८४ पुरले असते पण नवऱ्याने दीड-दीड मीटरच्या दोन दांड्या लावल्या, म्हणाला ह्या जातीला चिकटून बसायला आवडत नाही असं आजोबा सांगत होते.

आजोबा म्हणजे आमचे शेजारी. आम्ही राहतो उर्नेशच्या जवळ, स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल आउसररोडनमध्ये, उतारावरच्या जुन्या लाकडी घरात, समोर झेंटिस डोंगर, २५०२ मीटर, सकाळी चहा घेताना रोज दिसतो. गेल्या ऑक्टोबरात आजोबांच्या गोठ्याच्या छपरावर मी पहिल्यांदा ही कोंबडी बघितली आणि मला वाटलं कुठला तरी रानपक्षी आहे. पांढरं अंग, प्रत्येक पिसाच्या टोकाला काळा ठिपका, पाय पाटीच्या दगडासारखे निळसर, आणि डोक्यावर पिसांचा तुरा, तोही मागे नाही तर कपाळावरून पुढे झुकलेला. आपेन्झेलर श्पिट्झहाउबन. इथल्या बायकांच्या पारंपरिक वेशात लेसची ताठ टोपी असते, हाउबं म्हणतात तिला, तिच्यावरून हे नाव. म्हणजे टोपीवाली.

ज्याला त्याला सांगितलं तो म्हणाला तपकिरी हायब्रिड घ्या, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात आणि पायात घोटाळतात. हिची अंडी साधारण दीडशे. पण मला अंड्यांचा कारखाना नकोच होता, मला तो छपरावरचा पक्षी हवा होता. आणि विसाव्या शतकाच्या मध्याला ही जात जवळपास संपत आली होती हे कळल्यावर तर ठरलंच. जुन्या देशी जाती टिकवणारी प्रो स्पेत्सिए रारा ही संस्था १९८२ साली इथेच शेजारी सांक्ट गालनमध्ये सुरू झाली, त्यांच्या यादीत तीन स्विस कोंबड्या आहेत, ही टोपीवाली, आपेन्झेलचीच दाढीवाली आणि पांढरी श्वाइझरहून (हून म्हणजे इथल्या भाषेत कोंबडी).

१६ मार्च २०२४, शनिवार

आल्या! पाच तलंगा आणि एक कोंबडा, आजोबांच्याच कळपातले, सगळे चंदेरी ठिपक्यांचे. लेकीने नावं आधीच ठरवून ठेवली होती, आजीच्या दागिन्यांच्या डब्यातली, पैंजण, जोडवी, वाकी, बुगडी आणि ठुशी. कोंबड्याचं नाव शिरपेच, त्याचा तुरा बघितला की दुसरं नाव सुचतच नाही.

खोका उघडल्यावर कोंबडी दोन मिनिटं गोंधळून उभी राहते आणि मग हळूच बाहेर पाऊल टाकते अशी माझी समजूत होती. पहिलं झाकण उघडलं आणि पैंजण सरळ वर गेली. सरळ. फडफड करत तिरकी नाही, तर उभी वर, जाळीच्या छताला टेकली, तिथून वळून कोपऱ्यातल्या सगळ्यात उंच फांदीवर बसली आणि मग मान वाकडी करून एका डोळ्याने आमच्याकडे बघायला लागली. हे सगळं दोन सेकंदात. बाकीच्या तिच्या मागोमाग. बुगडी तेवढी जमिनीवर राहिली, एका जागी मान ताणून, तुरा फुलवून, जणू कोणी हाक मारलीय आणि ती कुठून आली ते शोधतेय.

एका एकाचं वजन केलं ते आजोबांनीच, त्यांच्या हातात गप्प बसतात. पैंजण १३२० ग्रॅम, ठुशी १४०५, शिरपेच १७१०. हातात घेतल्यावर कळतं किती हलकं अंग आहे, सगळं पिसंच.

तीन आठवडे बंद कुंपणातच ठेवायच्या, हे आपलं घर आहे असं डोक्यात बसेपर्यंत.

२३ मार्च २०२४

रोज संध्याकाळी अर्धा तास कुंपणात जाऊन स्टुलावर बसते. हातात सूर्यफुलाच्या बिया. पहिले चार दिवस कोणी खाली उतरलं नाही. पाचव्या दिवशी ठुशी आली, दीड मीटरवर थांबली, बी टाकलं तर उचललं आणि परत गेली. आज हातातून खाल्लं. हाताला चोच लागते ती टोचत नाही, टकटक होते.

बाकीच्यांचं तसं नाही. जोडवीची तऱ्हा अशी की मी उठून उभी राहिले की उडते, पण बसले की अगदी जवळून जाते, म्हणजे तिला माणसाची भीती नाहीये, उंची बदलण्याची आहे. वाकीला लाल जॅकेट चालत नाही. निळं चालतं. तीन दिवस आलटून पालटून घालून बघितलं, तेच.

ह्या जातीला सगळीकडे बुजरी, घाबरट असंच लिहिलेलं असतं आणि मला ते आता पटत नाहीये. हॉलंडची ती मोठ्या झुबकेदार तुऱ्याची जात असते ना, पोलिश म्हणतात तिला, तिचा तुरा डोळ्यांवर येतो, तिला वरचं आणि बाजूचं नीट दिसतच नाही म्हणून ती कशानेही दचकते. हिचा तुरा पुढे उभा असतो, डोळे पूर्ण मोकळे. हिला सगळं दिसतं. आपल्याला दिसत नाही ते पण दिसतं, आणि ती त्यावर लगेच काहीतरी करते, एवढंच. आज पैंजणने मान वर केली, मी पण बघितलं, रिकामं आभाळ, मग डोळ्यावर हात धरून पाच-सहा सेकंद शोधलं तेव्हा कुठे झेंटिसच्या बाजूला एक ठिपका फिरताना दिसला.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

मुहूर्त चांगला म्हणून आज पहिल्यांदा बाहेर सोडल्या. गुढी बाल्कनीत उभी केली, कडुनिंबाऐवजी इथे जे मिळालं ते, साखरेच्या गाठी आईने जानेवारीतच पाठवलेल्या. वारं होतं, रेशमी खण फडफडत होता. मला खात्री होती की ह्या तिकडे फिरकणार नाहीत.

सहाही जणी (शिरपेचला धरून, लेक त्यालाही जणीतच मोजते) आधी अर्धा तास कुंपणाच्या दारातच. मग शिरपेच बाहेर, मग भराभर सगळ्या, आणि दहा मिनिटात जुन्या नासपतीच्या झाडाखाली पाला उकरणं चालू. उकरतात कशा ते बघत बसावं असं आहे, दोनदा पाय मागे, एक पाऊल मागे, नजर खाली, आणि दर तीन-चार वेळा उकरून झालं की कोणी ना कोणी मान वर करतं. सगळ्या एकदम खाली कधीच बघत नाहीत. आळीपाळीने कोणीतरी पहाऱ्यावर असतंच.

आणि दुपारी बघते तर बुगडी बाल्कनीच्या कठड्यावर, गुढीपासून हातभर. तांब्यात स्वतःकडे बघत होती. तुरा पुढे, तांब्यातला तुरा पण पुढे. मी श्वास रोखून दारात उभी, पाचेक मिनिटं तरी. मग खण जोरात फडकला आणि ती हवेत, बाल्कनीतून सरळ नासपतीवर, मध्ये अंतर चांगलं बारा मीटर आहे, एकदाही खाली न टेकता.

संध्याकाळी एकही खुराड्यात आली नाही. सगळ्या झाडावर. शिडी लावून, टॉर्च धरून, एकेकीला उतरवून आत ठेवलं, साडेनऊ वाजले.

१३ एप्रिल २०२४

आईशी बोलणं झालं. गेले चार दिवस रोज शिडी, हे तिला सांगितलं. आई कराडजवळच्या गावात, आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. आमच्याकडे अंगणात डालगी असायची, तिन्हीसांजेला कोंबड्या डालायच्या हे माझं काम होतं. आई म्हणाली, "अगं, सगळ्या कुठं डालत होतो आपण, पिल्लावाल्या तेवढ्या डालायच्या. बाकीच्या चिंचंवरच निजायच्या की. कोंबडी उंचावर निजती, तिला वडून खाली कशाला आणतीस?"

"आई, इथे कोल्हा आहे."

"मग कोल्हा खाली असतोय का वर?"

ह्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. तिने मग मानमोडीची लस दिलीस का विचारलं, तिला सांगावं लागलं की स्वित्झर्लंडमध्ये ती लस देतच नाहीत, द्यायला बंदी आहे, रोग आला तर तो लपून राहू नये म्हणून. तिला ते काही पटलं नाही. आणि व्हिडिओवर पायांचा रंग बघून म्हणाली हे काय निळे पाय, आजारी आहे का. आपल्या गावरान कोंबडीचे पाय पिवळे. ह्याची गोष्ट मला फार आवडते. कोंबडीचा मूळ पूर्वज तो तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा जीन त्याच्याकडून आलेला नाही, तो आला आपल्या सह्याद्रीत आरवतो त्या करड्या रानकोंबड्याकडून. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये पश्चिम घाटातल्या त्या पक्ष्याचा एक धागा आहे, आणि नेमक्या ह्या निळ्या पायांच्या टोपीवालीत तो नाही.

२२ एप्रिल २०२४

बर्फ. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, फुललेल्या नासपतीवर. सकाळी सहाला खिडकीतून बघितलं तर पांढऱ्या फांद्यांवर पांढऱ्या कोंबड्या, काळे ठिपके तेवढे दिसतायत. (शिडी बंद केलीय. ज्यांना आत यायचंय त्या येतात, सध्या ठुशी एकटीच.)

थंडीची काळजी मात्र नाही. साध्या कोंबडीला मोठा मांसल लाल तुरा असतो, तो कडक थंडीत गोठून काळा पडतो. हिला कपाळावर दोन छोटी शिंगं असतात फक्त, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, अर्ध्या करंगळीएवढी, त्यात गोठायला काही नाहीच. गळ्याखालचे लोलकही बारीक. ही डोंगराची कोंबडी आहे, हिचं सगळं शरीर तसं सांगतं.

१२ मे २०२४, रविवार

आज जे बघितलं ते लगेच लिहून ठेवते नाहीतर निसटेल.

दुपारी साधारण तीन. मी वाफ्यात कांदे लावतेय, कोंबड्या माझ्यापासून दहा पावलांवर गवतात. शिरपेचने एक आवाज काढला, बारीक, लांब, शिट्टीसारखा, स्स्रीईई. आरवणं नाही, कॉक-कॉक नाही. आणि अंगण रिकामं. म्हणजे मी मान वळवेपर्यंत पाचही जणी नव्हत्या, तीन तुतीच्या झुडपाखाली, एक चारचाकी ढकलगाडीखाली, जोडवी माझ्या मागे, अगदी माझ्या बुटाला चिकटून. शिरपेच स्वतः मात्र उघड्यावर, मान आडवी, एक डोळा आभाळाला लावून, एक पाय उचललेला तसाच अधांतरी. मग सावली गेली गवतावरून. हाबिख्ट, आपल्या शिक्र्याच्याच कुळातला पण आकाराने कितीतरी मोठा, गोठ्याच्या छपराच्या उंचीवरून गेला आणि थांबलाच नाही.

कोंबड्यांचे धोक्याचे दोन आवाज वेगळे असतात. वरून येणाऱ्यासाठी हा लांब बारीक, जो कुठून येतोय ते पटकन कळत नाही, त्यामुळे आवाज देणारा सापडत नाही. खालून येणाऱ्यासाठी तुटक तुटक मोठा, कुक-कुक-कुक-कुकडाSSक, तो शेजारच्या कुत्र्यासाठी रोज असतो. वाचलेलं होतं, पण त्या क्षणी प्रत्येकीने ऐकून जे केलं ते अचूक होतं. कोणी पळत सुटलं नाही. कोणी खुराड्याकडे धावलं नाही, ते लांब होतं. जे जवळ होतं त्याखाली गेल्या. जोडवीला जवळ मी होते.

ती माझ्या बुटाला चिकटून बसली होती तेवढा वेळ तिचं काळीज बुटातून जाणवत होतं. दोन महिने मी बिया दाखवून तिला बोलावत होते, आली नाही. आज आली, आणि धोका टळल्यावर उठून पिसं झटकून निघून गेली.

आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, ह्यांना माणसाळवायचं नसतं, ह्यांच्यात आपण आहोत हे ह्यांना कळू द्यायचं असतं.

२६ मे २०२४

पिल्लांचं ठरवलं. अंडी आता रोज तीन-चार, पांढरीशुभ्र, ५३ ते ५६ ग्रॅम. पण ह्या खुडूक बसत नाहीत. अंडं घातलं, ओरडून सांगितलं, निघाल्या. मशीनमध्ये उबवता आली असती, ३७.५ अंश वगैरे सगळं सांभाळून, पण मला पिल्लांना आई हवी होती. आज्जींची (आजोबांच्या मिसेस) रेशमी कोंबडी, इथे झायडनहून म्हणतात, सारखी खुडूकच असते, ती त्यांनी आनंदाने दिली. तिच्याखाली आज रात्री नऊ अंडी ठेवली. हात घातला तर हातही पोटाखाली ओढून घेतला तिने.

१६ जून २०२४, रविवार

बरोबर एकवीस दिवस. नऊपैकी सात फुटली, एक पिल्लू संध्याकाळपर्यंत टिकलं नाही, सहा आहेत. ओली असतानाच डोक्यावर एक टेंगूळ दिसतं, वाळलं की त्याचा कापसासारखा बोंडा होतो, तोच पुढे तुरा. नाकपुड्या पण बघा, साध्या पिल्लासारखी बारीक चीर नाही, उचललेल्या आणि मोठ्या, तुरेवाल्या जातींची ही खूण, आणि त्यामुळे तोंडावर कायम काहीतरी हुंगल्याचा भाव.

लेक दोन तास पालथी पडून बघत होती. तिचं निरीक्षण तिच्याच शब्दात, "आई, ही पिल्लं झोपतात पण एक डोळा बंद करतात फक्त."

१० ऑगस्ट २०२४

हा प्रसंग मला कितीतरी दिवस आठवणार आहे. रेशमी कोंबडीची पिसं नावाप्रमाणे रेशमासारखी, त्यांच्या बारीक तंतूंना एकमेकांत अडकवणारे आकडे नसतात, त्यामुळे पंखाचं पातं बनतच नाही आणि तिला उडता येत नाही. दोन महिने ही आई पिल्लांना घेऊन खालच्या पेटीत झोपली. पिल्लं आता आठ आठवड्यांची, तीन तलंगा तीन कोंबडे असं वाटतंय. परवा संध्याकाळी त्यातली एक उडून नासपतीच्या खालच्या फांदीवर गेली. मग दुसरी. मग सगळी. वर पैंजण, वाकी आधीच बसलेल्या, त्यांनी सरकून जागासुद्धा केली नाही, पण हाकललंही नाही.

खाली आई. झाडाभोवती गोल फिरतेय, बोलावतेय, तो रात्रीचा खास हलका घुमणारा आवाज असतो ना आता पंखाखाली या म्हणून, तोच, पुन्हा पुन्हा. वरून एक पिल्लू उत्तर देत होतं, अगदी झोपाळू आवाजात, पण उतरलं नाही. अंधार झाला. ती बुंध्याला टेकून बसली. मी तिला उचलून आत ठेवलं, हातात अजिबात धडपड केली नाही तिने.

काल पण तेच. आज मी तिला आज्जींकडे परत पोचवली, तिथे तिच्यासाठी बदकाची अंडी तयार होती. आज्जी म्हणाल्या काळजी नको, बसली की विसरते. मी नाही विसरणार.

७ सप्टेंबर २०२४, शनिवार, गणपती

झ्युरिक आणि विंटरटूरहून मंडळी आली होती, मोठी तेवीस, मुलं नऊ. आरती सुरू झाली, टाळ वाजले आणि अकराच्या अकरा जणी झाडाच्या शेंड्यावर, फक्त ठुशी उकडीच्या मोदकांच्या ताटाजवळ. एका काकांनी विचारलं, ह्या खायच्या आहेत का बघायच्या. मी म्हणलं बघायच्या. ते म्हणाले मग मोर का नाही पाळला. मी त्यांना झाडाखाली घेऊन गेले आणि वर बघायला लावलं, ऊन पिसांतून येत होतं, ठिपके चमकत होते, अकरा तुरे एकाच दिशेला वळले, आमच्याकडे. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्हाला बघतायत होय ह्या.

मुलांना मी एकच सांगितलं, ज्याला जवळून बघायचंय त्याने गवतात बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे. सहा वर्षांचा एक मुलगा पाऊण तास बसला. पाऊण तास! वाकी त्याच्या गुडघ्याला घासून गेली. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मी बघितलाय.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

ठुशी गेली.

खुराड्याच्या दाराला टायमर आहे, बंद व्हायची वेळ मी उन्हाळ्यात सव्वाआठची लावलेली, ती बदलायची राहिली. आता सातलाच सूर्य बुडतो, साडेसातला काळोख. काल त्या पाऊण तासात मार्डर आत गेला, उदमांजरासारखा लांबट प्राणी, मूठभर फटीतून जातो, इथे दार उघडंच होतं. मानेवर चावा. आत ती एकटीच होती कारण आत झोपायची सवय तिला एकटीलाच लागली होती, बियांच्या आशेने, माझ्या हाताने लागली होती.

वरच्या अकरा वाचल्या. पण मार्डर झाडावरही चढतो, सराईतपणे चढतो, त्यामुळे वाचल्या तो केवळ योग, हे मला माहीत आहे. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "रडून घे. मग उठ आणि त्यास्नी वरच घर बांध."

२६ ऑक्टोबर २०२४

तेच केलं. तीन शनिवार-रविवार नवरा, मी, आजोबा. नासपतीला लागूनच, आठ लाकडी खांब, उंची ३ मीटर, वर पत्रा, उत्तर आणि पश्चिम बाजू फळ्यांनी बंद कारण वारं आणि पाऊस तिकडून, बाकी दोन बाजू १९ मिलिमीटरची जाड वेल्डेड जाळी, दर हातभरावर स्क्रू आणि वॉशर. दार खालून, संध्याकाळी हातानेच बंद करायचं, टायमर नाही. आत दांड्या गुळगुळीत ठेवल्या नाहीत, छाटलेल्या खऱ्या फांद्या वापरल्या, सालीसकट, सगळ्यात वरची २.६० मीटरवर. लाल रक्तपिपासू किडे सालीत लपतात म्हणून हे करू नये असं सगळीकडे लिहितात, बरोबरही आहे, म्हणून फांद्या नुसत्या आकड्यांवर टांगल्यात, सहा महिन्यांनी काढून जाळायच्या आणि नव्या लावायच्या.

झाडावरची त्यांची आवडती फांदी, जिच्यावर पैंजण कायम बसते, ती आजोबांनी कापायची म्हटलं तेव्हा मी आधी नको म्हणाले. मग तीच कापून आत सगळ्यात वर लावली.

पहिल्या रात्री नासपतीवर चार, आत सात. दुसऱ्या रात्री आत नऊ. काल रात्री पैंजण अंधार पडेपर्यंत पत्र्यावर बसून होती, मग खाली उतरली, दारातून आत गेली आणि सरळ वर, तिच्या फांदीवर. अकरा.

१७ नोव्हेंबर २०२४

पिसं गळायचा मोसम, अंडी बंद, सगळ्यांचे तुरे विसकटलेले. तीन तरुण कोंबड्यांपैकी दोन आजोबांच्या ओळखीने दुसऱ्या पाळणाऱ्यांकडे गेले, रक्ताची सरमिसळ होत राहणं ह्या जातीला गरजेचं आहे, कळप लहान असले की नात्यातलेच जुळत राहतात. तिसऱ्यात शिंगं वाकडी आणि तुरा मधून भांग पाडल्यासारखा दुभंगलेला, म्हणजे पैदाशीला चालणार नाही, पण आवाज एवढा सुरेख आहे की तो राहणार. शिरपेचने त्याला चालवून घेतलंय.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आज जुना सिल्वेस्टर. जुन्या कॅलेंडरप्रमाणे आज वर्षअखेर, आणि ह्या खोऱ्यात ती अजून पाळतात. पहाटेपासून सिल्वेस्टरक्लाउझं, म्हणजे सोंगं घेतलेली माणसं, घरोघरी फिरतात, अंगावर मोठमोठ्या घंटा, आणि डोक्यावर मण्यांनी मढवलेले, लाकडी बाहुल्यांचे देखावे बसवलेले भलेमोठे मुकुट. बायकांच्या वेशात जे असतात त्यांच्या त्या शिरोभूषणालाही हाउबंच म्हणतात. माझ्या कोंबड्यांचाच शब्द.

साडेआठला सहाजण आमच्या अंगणात आले. घंटांचा आवाज छातीत बसतो एवढा. मी कोंबड्यांकडेच बघत होते, दार उघडलं होतं, जायला आभाळ मोकळं होतं. शिरपेचने तो खालचा आवाज दिला, कुक-कुक-कुक, आणि सगळ्या वरच्या फांदीवर एका ओळीत, माना ताठ, तुरे पुढे. मग घंटा थांबल्या. क्लाउझं गोलात उभी राहिली आणि त्झॉयर्ली गायला लागली, शब्द नसलेलं, संथ, नुसते सूर एकावर एक. कोंबडा गप्प झाला. नवा तरुण कोंबडा पण. बर्फात सहा मुकुट खाली आणि वर नऊ तुरे, दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघणं चाललेलं. आजोबा माझ्या शेजारी होते, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

ते गेल्यावर जोडवी खाली आली, बर्फातल्या बुटांच्या ठशांमध्ये काही सांडलंय का बघत फिरली, माझ्यापासून दोन पावलांवर. मी उभी होते, बसले नव्हते. ती गेली नाही.

दुपारी पेटीत अंडं. ह्या मोसमातलं पहिलं, आणि जूनच्या पिल्लांपैकी एकीचं, तिचंही पहिलंच. ४१ ग्रॅम. लेकीने तिचं नाव ठुशी ठेवायचं का विचारलं, मी नको म्हणलं, मग तिने चिंचपेटी ठेवलं.